स्टॉपर बॅक टिकला, क्लब टिकले नाहीत

अनस एडथोडिका हे नाव महाराष्ट्रात किती जणांना आठवतं माहीत नाही, पण आठवायला पाहिजे, कारण या माणसाच्या करिअरची पहिली आठ वर्षं आपल्याकडे गेली. 2007 ते 2011 मुंबई एफसी, मग 2011 ते 2015 पुणे एफसी. गाव कोंडोट्टी, केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातलं, कालिकतचा विमानतळ ज्या करिपूरला आहे त्याच्या अगदी जवळचं, जिथली कितीतरी घरं आखातातून येणाऱ्या पैशावर चालतात. तिथला एक विशीतला पोरगा, घराला हातभार म्हणून रिक्षा चालवलेला, मुंबईत आला, स्टॉपर बॅक म्हणजे बचावातला मधला खेळाडू म्हणून उभा राहिला आणि पुढे भारतासाठी खेळला. रिक्षावाला ते इंडिया प्लेअर अशी ही गोष्ट पेपरात कितीतरी वेळा छापून आली आणि दरवेळी तिथेच संपली. मला त्या गोष्टीच्या उरलेल्या भागाबद्दल बोलायचंय. तो भाग अनसच्या जिद्दीबद्दल नाहीये, आपण आपल्या देशात प्रोफेशनल फुटबॉल ज्या पद्धतीने चालवतो त्याबद्दल आहे.

आधी त्याच्या क्लबांचं काय झालं ते बघा. मुंबई एफसी 2007 मध्ये सुरू झाला, 2008 मध्ये सेकंड डिव्हिजन जिंकून आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये आला, कूपरेजवर खेळला आणि 2017 मध्ये शेवटच्या नंबरवर जाऊन रेलिगेट झाला, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलला गेला, आणि बंदच पडला. पुणे एफसी अशोक पिरामल ग्रुपचा, अतिशय शिस्तीत चालवलेला क्लब, स्वतःची अ‍ॅकॅडमी, 2012-13 मध्ये आय-लीगचा रनर अप, आणि तरी 2015 नंतर संपला. मग अनस दिल्ली डायनामोजकडून आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग खेळला, तो क्लब 2019 मध्ये भुवनेश्वरला गेला आणि नाव बदलून ओडिशा एफसी झाला. पुढे तो कोलकात्याच्या एटीकेमध्ये गेला, तो क्लब 2020 मध्ये मोहन बागानमध्ये मिसळला. म्हणजे एका खेळाडूच्या एका करिअरमध्ये दोन क्लब मेले, एकाने शहर बदललं, एक दुसऱ्यात विरघळला. फुटबॉलमध्ये साधारण समज असा की खेळाडू येतात जातात आणि क्लब राहतो, आपल्याकडे नेमकं उलटं झालंय.

आणि हे काय फक्त अनसच्या नशिबी आलं असं नाही. महिंद्रा युनायटेड 2005-06 ला नॅशनल लीगचा, म्हणजे आय-लीगच्या आधीच्या लीगचा चॅम्पियन होता, 2010 ला बंद. पंजाबातल्या फगवाड्याचा जेसीटी, देशातली पहिली नॅशनल लीग जिंकणारी टीम, 2011 ला बंद. एअर इंडिया आणि ओएनजीसीच्या टीमना 2013 मध्ये क्लब लायसन्सिंगच्या नियमांमुळे आय-लीगमधून बाहेर काढलं. 2016 मध्ये गोव्याच्या साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंगने आय-लीग सोडली. एकट्या पुण्याचा हिशोब काढला तर अंगावर काटा येतो, पुणे एफसी गेला, कल्याणी ग्रुपचा भारत एफसी एक सीझन खेळून गेला, डीएसके शिवाजीयन्स दोन सीझन खेळून 2017 ला गेला, एफसी पुणे सिटी 2019 ला गेला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. पाच वर्षांच्या आत एका शहरातून चार क्लब. बालेवाडीच्या त्या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये गर्दी कमी असायची हे खरंय, मी पण तिथे बसलोय, पण जे मोजके लोक यायचे ते मनापासून यायचे, आणि त्यांना कुणी विचारलं नाही की उद्यापासून तुमची टीम नसेल तर चालेल का. खेळाडूंना तर नाहीच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या देशात क्लब असे पटापट मरतात त्या देशात खेळाडूचं भविष्य मालकाच्या मूडवर आणि नंतर सरकारच्या मेहेरबानीवर सोडणं हा अन्याय आहे, आणि तो थांबवायला नियम लागतात, सत्कार आणि शाल-श्रीफळ नाही. प्रत्येक प्रोफेशनल क्लबने सीझन सुरू व्हायच्या आधी पूर्ण सीझनच्या पगाराची बँक गॅरंटी लीगकडे ठेवलीच पाहिजे, आणि प्रत्येक कॉन्ट्रॅक्टमधला ठराविक हिस्सा खेळाडूच्या नावाने एका फंडात गेलाच पाहिजे जो त्याला खेळ थांबल्यावर मिळेल. हे दोन नियम नसतील तर छोट्या गावातल्या पोरांना प्रोफेशनल व्हा म्हणून सांगायचा अधिकार देशाच्या फुटबॉल फेडरेशनला नाही असं मला वाटतं.

मी मुद्दाम डिफेंडरचं उदाहरण घेतोय. स्ट्रायकरचं काम दिसतं, गोल मोजता येतो, त्याचा व्हिडिओ फिरतो. स्टॉपरने मॅचभर चांगलं काम केलं तर काहीच घडलेलं दिसत नाही. अनसचा खेळ ज्यांनी नीट पाहिलाय त्यांना कळेल, तो जमिनीवर लोळून टॅकल मारणाऱ्यातला नव्हता, तो आधीच अर्धा पाऊल सरकलेला असायचा आणि बॉल त्याच्याकडे यायचा, स्ट्रायकर वळेपर्यंत विषय संपलेला. असा खेळाडू टीव्हीवर पटकन डोळ्यात भरत नाही. त्यात आयएसएल 2014 ला सुरू झाली तेव्हा मैदानावर एका वेळी सहा परदेशी चालायचे, आणि क्लब ते परदेशी कुठे वापरणार, तर पुढे स्ट्रायकर आणि मागे स्टॉपर. भारतीय पोरांना साइड बॅक आणि विंगला ढकलायचं. म्हणजे भारतीय सेंटर बॅकसाठी सगळ्यात महत्त्वाच्या वर्षांत जागाच कमी. आता मैदानावर चारच परदेशी चालतात, पण हा नियम 2021-22 ला आला, तोपर्यंत अनसची पिढी उतरणीला लागली होती.

त्याला भारताची जर्सी पहिल्यांदा मिळाली मार्च 2017 मध्ये, कंबोडियाविरुद्ध, आणि तेव्हा त्याला तीस पूर्ण झाले होते. त्याच्या आधीच्या दहा वर्षांत तो काय कमी प्रतीचा होता का? पुणे एफसीत डेरिक परेरा कोच होते, स्वतः भारतासाठी डिफेंडर म्हणून खेळलेला गोव्याचा माणूस. मुंबईत खालिद जमील होते, जे पुढे 2025 मध्ये भारताचे कोच झाले. दिल्लीत तर रॉबर्टो कार्लोस कोच होता, ब्राझीलचा वर्ल्ड कप जिंकलेला लेफ्ट बॅक, ज्याला डिफेंडर म्हणजे काय हे कुणी सांगायची गरज नाही, आणि त्याच्या टीममध्ये अनस खेळला. तरी राष्ट्रीय टीमचा दरवाजा उघडायला तिशी उजाडली. त्याच वर्षी जुलैमध्ये आयएसएलच्या ड्राफ्टमध्ये, जिथे क्लब आळीपाळीने खेळाडू निवडतात, जमशेदपूरने त्याला सगळ्यात पहिला उचलला, 1 कोटी 10 लाखाला. हा आकडा सगळ्यांना आठवतो. ज्यांना खेळाडूंच्या फंडाचा विषय काढला की राग येतो ते हाच आकडा तोंडावर फेकतात, कोटीत कमावतात मग पेन्शन कशाला. अरे पण ते कोटी तिसाव्या वर्षी आले, गुडघे आणि घोट्यांची दहा वर्षं देऊन झाल्यावर, आणि पुढे किती सीझन मिळणार हे कुणालाच माहीत नव्हतं. ड्राफ्टमध्ये एवढ्या किमतीचे फक्त दोघे होते, अनस आणि मेघालयचा युजिनसन लिंगडो. बाकीच्यांचं काय? त्याखालच्या आय-लीगमध्ये, सेकंड डिव्हिजनमध्ये, महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या आणि तोही उशिरा मिळणाऱ्या पोरांचं काय? एका ड्राफ्टवरून अख्ख्या धंद्याचा हिशोब मांडू नका.

करिअर किती लवकर संपू शकतं ते बघायचं असेल तर 14 जानेवारी 2019 ची शारजाची मॅच आठवा. एशियन कप, भारत विरुद्ध बहरीन, ड्रॉ झाला असता तरी आपण नॉकआउटमध्ये गेलो असतो. पहिल्या मॅचमध्ये थायलंडला 4-1 ने हरवलं होतं, मागे अनस आणि संदेश झिंगन ही जोडी, एक अंगावर जाणारा आणि एक मागची जागा सांभाळणारा, इतकी चांगली जमलेली जोडी भारताला बऱ्याच वर्षांनी मिळाली होती. आणि चौथ्या मिनिटाला अनस दुखापतीने बाहेर. चौथ्या! आयुष्यभर ज्या मॅचची वाट पाहिली तिथून तो असा बाहेर आला, आणि टीम नव्वद मिनिटं झुंजून 91व्या मिनिटाला पेनल्टीवर हरली. दुसऱ्या दिवशी त्याने इंटरनॅशनल फुटबॉलमधून रिटायरमेंट जाहीर केली. वय 31. पुढे भारताचे नवे कोच स्टिमॅक यांनी त्याला परत बोलावलं आणि ऑक्टोबर 2019 ला कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध तो खेळलाही, पण ज्या वयात बाकी नोकरदार माणसाला पहिलं प्रमोशन मिळतं त्या वयात याचं मुख्य काम संपत आलेलं होतं. या साध्या गोष्टीमुळेच खेळाडूची तुलना खासगी नोकरीवाल्याशी करता येत नाही. आयटीत किंवा बँकेत काम करणाऱ्याची पण नोकरी जाते, मान्य, पण त्याचा पीएफ कापला गेलेला असतो आणि पस्तिशीत त्याला दुसरी कंपनी मिळते.

पूर्वी याला एक उत्तर होतं, आणि ते वाईट नव्हतं. रेल्वे, बँका, पोलीस, टाटा, महिंद्रा, ओएनजीसी. पोरगं खेळायचं आणि त्याच डिपार्टमेंटमध्ये चिकटायचं, सकाळी प्रॅक्टिस, दुपारी ऑफिस, खेळ सुटला तरी नोकरी राहायची. फुटबॉलचा दर्जा त्यामुळे वाढला नाही ही तक्रार खरी आहे, अर्धा दिवस ऑफिसात बसणारा माणूस आशियातल्या फुल टाइम प्रोफेशनलसमोर टिकणार नाही. म्हणून प्रोफेशनल व्हायचं ठरलं, ते बरोबरच. पण जुनी सुरक्षितता काढून घेताना तिच्या जागी काय ठेवलं? काहीच नाही. आणि मधल्या मध्ये जे अडकले त्यांचे हाल बघा. कन्नूरचा सी. के. विनीत, केरळ ब्लास्टर्सचा स्ट्रायकर, भारताकडून खेळत असताना 2017 मध्ये अकाउंटंट जनरलच्या ऑफिसातली त्याची नोकरी गेली, कारण हजेरी भरली नाही. देशासाठी आणि क्लबसाठी खेळायला गेलेला माणूस ऑफिसात गैरहजर असणारच ना. नंतर केरळ सरकारने त्याला नोकरी देऊ केली हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे, पण एका खेळाडूचा निर्णय बातम्या झाल्यावर होणं ही व्यवस्था नव्हे.

अनसचं तर त्याहून वाईट झालं. 2025 मध्ये केरळच्या विधानसभेत क्रीडामंत्र्यांनी सांगितलं की अनस आणि रिनो अँटो सरकारी नोकरीच्या निकषात बसत नाहीत. दोघेही डिफेंडर, दोघेही भारतासाठी खेळलेले. मी केरळ सरकारवर एकट्यावर चिडत नाही, कारण आपल्याकडेही क्रीडा कोट्यातल्या 5 टक्के आरक्षणाचा सगळा डोलारा कुठल्या स्पर्धेचं सर्टिफिकेट आहे आणि कुठलं पदक आहे यावरच उभा आहे. वर्षभर देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये दर आठवड्याला खेळणारा माणूस या कागदांच्या हिशोबात बसतच नाही. एखाद्या स्पर्धेतलं एक पदक जड आणि आय-लीगचे आठ सीझन हलके, हे कुठलं माप? नियमात टॉप दोन डिव्हिजनमधले सीझन मोजायला सुरुवात करणं हे काही घटनादुरुस्तीचं काम नाही, एका जीआरचं काम आहे, आणि महाराष्ट्राने ते पहिलं करून दाखवावं असं मला मनापासून वाटतं.

पण तरी माझा मूळ मुद्दा सरकारी नोकरीचा नाही. सगळ्यांना सरकारी नोकरी देता येणारही नाही. खेळाडूचा पैसा खेळाडूसाठी वेळेत बाजूला काढणं हाच खरा मार्ग आहे. नेदरलँड्समध्ये हे कित्येक वर्षं चालू आहे, प्रोफेशनल फुटबॉलपटूच्या कमाईतला भाग सक्तीने एका फंडात जातो आणि खेळ थांबल्यावर त्याला तो हप्त्याहप्त्याने परत मिळतो, त्यामुळे बूट काढल्यावर कोचिंगचा कोर्स करायला, शिकायला, छोटा धंदा उभा करायला श्वास घ्यायला जागा मिळते. यात सरकारचा किंवा क्लबचा एक रुपया जादा जायलाच पाहिजे असंही नाही, खेळाडूच्याच पैशाची शिस्त आहे. आणि आपल्या देशात हे जमणारच नाही असं म्हणणाऱ्यांनी क्रिकेटकडे बघावं. बीसीसीआयने 2022 मध्ये जुन्या फर्स्ट क्लास खेळाडूंची महिन्याची पेन्शन 15 हजारांवरून 30 हजार केली. रणजी खेळलेल्या, कधीच भारताची टोपी न घातलेल्या माणसाला ती मिळते. क्रिकेटकडे पैसा आहे, फुटबॉलकडे नाही, हे मला कळतं, म्हणूनच तर मी दान मागत नाहीये, कपात मागतोय.

बँक गॅरंटीवर लोक म्हणतात की क्लब आधीच तोट्यात आहेत, अजून ओझं टाकलं तर उरलेले पण पळतील. यावर मी खूप विचार केलाय. आशियाई फुटबॉल महासंघाच्या क्लब लायसन्सिंगच्या नियमात पगार थकवायचा नाही असं आहेच, पण लायसन्स तपासलं जातं जिवंत क्लबचं. जो क्लब बंदच होतोय तो लायसन्स मागायला येत नाही, आणि त्याच्या खेळाडूंना दाद मागायला कुणी उरत नाही. हा प्रश्न जगभर आहे म्हणून तर फिफा आणि खेळाडूंची आंतरराष्ट्रीय युनियन फिफप्रो यांनी 2020 मध्ये थकलेल्या पगारांसाठी 1 कोटी 60 लाख डॉलरचा फंड जाहीर केला. ज्या मालकाकडे एका सीझनच्या पगाराची हमी द्यायची ताकद नाही त्याने टीम काढूच नये. त्यामुळे लीगमध्ये चौदाऐवजी दहा क्लब राहिले तरी चालतील, पण ते दहाही क्लब सीझन संपल्यावर, जून महिन्यात पण असतील.

आणि ज्यांना ही भीती काल्पनिक वाटते त्यांनी 2025 आठवावं. जुलैमध्ये आयएसएल चालवणाऱ्या कंपनीने सीझन होल्डवर टाकला, कारण फेडरेशनबरोबरचा त्यांचा 15 वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने फर्स्ट टीमचे पगार थांबवले, बेंगळुरू एफसीने, ज्याला सगळे आदर्श क्लब म्हणायचे. मग लीग चालवायला नवीन टेंडर काढलं तर एकही बोली आली नाही. या सगळ्या महिन्यांत घरी बसलेल्या खेळाडूंमध्ये किती जण अनससारखे छोट्या गावचे असतील याचा विचार करा, ज्यांच्या घरी दुसरा कमावणारा नाही आणि ज्यांनी फुटबॉलसाठी शिक्षण अर्धवट सोडलंय.

मलप्पुरममध्ये आणि आपल्या कोल्हापुरात मला एक साम्य नेहमी दिसतं. तिकडे भाताची कापणी झाली की शेतात, मोकळ्या मैदानात सेव्हन्स सुरू होतं, सात-सात जणांच्या टीम, तात्पुरत्या गॅलऱ्या, लाइट लावून रात्री मॅचेस, आफ्रिकन खेळाडू, तिकीट काढून येणारी हजारो माणसं. इकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, पेठापेठांची इर्ष्या, घरातली तिसरी पिढी त्याच रंगाची जर्सी घालते. गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावात दिवाळीला देशभरातल्या टीम खेळायला येतात. तालमींच्या या टीम्स कुठल्याही उद्योगसमूहाच्या बॅलन्स शीटवर नाहीत, म्हणूनच त्या पिढ्यानपिढ्या चालल्यात आणि पुण्यातल्या चार चकाचक टीम गेल्या. वर्गणी देणारी पेठ मागे उभी असेल तर क्लब मरत नाही हे आपल्याला कोल्हापूरने शिकवलंय, प्रोफेशनल लीगवाल्यांनी ते शिकायला हवं होतं, क्लबमध्ये समर्थकांचा मालकी हक्क, गावाचा वाटा, काहीतरी. मात्र तालमीतही खेळाडूला इन्शुरन्स नाही, लिगामेंट फाटली तर मंडळ जमेल तेवढे पैसे गोळा करतं आणि बाकीचं घरचे बघतात, तिथेही काम बाकी आहे.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 चा अंडर-17 वर्ल्ड कप खेळला, मुंबईच्या राहुल भेकेने 2019 च्या आयएसएल फायनलमध्ये 117व्या मिनिटाला हेडर मारून बेंगळुरूला कप मिळवून दिला, तोही डिफेंडरच. म्हणजे पोरं येतायत आणि येणार. त्यामुळे उद्या सतरा वर्षांच्या एखाद्या स्टॉपरला क्लबचा फोन आला तर त्याच्या घरच्यांनी कॉन्ट्रॅक्टवरचा पगाराचा आकडा बघायच्या आधी काही गोष्टी विचाराव्यात. टीम मध्येच बंद झाली तर उरलेल्या महिन्यांचा पगार कोण देणार, दुखापतीत ऑपरेशनचा आणि नंतरच्या फिजिओचा खर्च कुणाचा, बारावी आणि पुढचं शिक्षण कधी आणि कसं पूर्ण होणार, पगारातून काही रक्कम त्याच्या नावावर लॉक होणार का. आणि उत्तरं तोंडी घेऊ नयेत, कागदावर घ्यावीत, क्लबच्या शिक्क्यासकट, एक प्रत घरी ठेवून.